निर्यातीची केळी: बागेपासून कंटेनरपर्यंत माल, पाणी आणि वीज वाचवण्याची रीत

वाळवा तालुक्यातील एका शेतकरी गटाने विचारले आहे की, सभासदांकडे मिळून ७० एकरांच्या आसपास ग्रँड नैन जातीची केळी आहे, आजवर माल बागेतच व्यापाऱ्याला दिला, आता स्वतःचे पॅकहाऊस, म्हणजे माल धुऊन खोक्यांत भरण्याची जागा, उभारून आधी आखाती देशांत आणि जमल्यास पुढे युरोपात माल पाठवायचा विचार आहे. खरेदीदार ‘शाश्वत पद्धतीने’ केलेल्या कामाची माहिती मागतात. तेव्हा नेमके काय करायचे, आणि हाती असलेला पैसा आधी शीतगृहात घालायचा की धुलाईच्या टाक्यांत, असा त्यांचा प्रश्न आहे.

कराड ते मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात केळीच्या काढणीपश्चात कामात अनेक वर्षे असल्याने माझे मत सुरुवातीलाच सांगतो. पैसा घालायची पहिली जागा शीतगृहही नाही आणि टाकीही नाही. आधी बागेतील घडांची नोंद आणि काढणीची टोळी या दोन गोष्टी बसवून घ्याव्यात. शाश्वततेचा हिशेब बहुतेक जण पाणी, प्लास्टिक आणि वीज असा सुटासुटा करतात. मी आधी एकच आकडा विचारतो: तोडलेल्या १०० किलो मालापैकी खोक्यात किती किलो गेला? उन्हाळ्यात ठिबकवरच्या एका झाडाला दिवसाला साधारण २० लिटर पाणी लागते आणि लागणीपासून काढणीपर्यंत ११-१२ महिने जातात. पॅकहाऊसमध्ये पाण्याचा बऱ्यापैकी बंदोबस्त असेल तर २५ किलोंचा घड धुवायला जवळपास तेवढेच, म्हणजे झाडाच्या एका दिवसाचे पाणी लागते. त्यामुळे डागामुळे घड बाद झाला की धुलाईत वाचवलेले पाणी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पुढचे सगळे विवेचन या हिशेबावर उभे आहे.

केळीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, पण जागतिक व्यापारातला आपला वाटा अगदी लहान आहे आणि तोही मुख्यतः आखाती देशांपुरता. तिथे आपली गाठ फिलिपाईन्स आणि इक्वेडोरच्या मालाशी पडते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बारामतीहून समुद्रमार्गे नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराकडे केळीचा चाचणी कंटेनर गेला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पोहोचला. आखाती देशांत माल आठवड्याच्या आसपास पोहोचतो आणि युरोपला साधारण चार आठवडे लागतात. बागेत झालेली जी चूक दुबईपर्यंत झाकली जाते, ती रॉटरडॅमपर्यंत झाकली जात नाही. म्हणून आखाती मालावर हात बसल्याशिवाय युरोपचा नाद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बागेकडे येऊ. घड निसवला, म्हणजे झाडातून बाहेर पडला, की त्याच आठवड्यात त्याला त्या आठवड्याच्या ठरलेल्या रंगाची फीत बांधावी आणि प्रत्येक रंगाच्या किती फिती बांधल्या ते वहीत लिहावे. रंग सहा ते आठ असले की पुरतात, ते आलटून पालटून येतात. या साध्या कामातून तीन गोष्टी हाती लागतात. काढणीला कोणता घड किती दिवसांचा आहे हे घडाकडे नुसते पाहून कळते, दोन महिने आधी किती माल येणार हे खरेदीदाराला सांगता येते, आणि परदेशात एखाद्या खोक्यात अकाली पिवळे केळे निघाले तर ते कोणत्या प्लॉटमधल्या कोणत्या आठवड्याच्या घडाचे होते इथपर्यंत माग काढता येतो. कंटेनरमधले एक पिकलेले केळे इथिलीन वायू सोडते आणि त्या वायूने शेजारची खोकी पिकू लागतात. जून झालेला एखादा घड नजरचुकीने आत गेला तर त्याची किंमत सगळ्या कंटेनरला मोजावी लागते.

दिवस मोजताना आपल्या हवामानाचे भान हवे. सांगली-सातारा भागात नोव्हेंबर ते जानेवारीत रात्री बऱ्याच थंड असतात आणि घडाची भरण मंदावते. यावर एक शास्त्रीय अंदाज वापरला जातो: दिवसाच्या सरासरी तापमानातून १४ अंश वजा करायचे आणि उरलेले अंश रोज बेरजेत धरायचे. निसवणीनंतर ही बेरीज ९०० च्या आसपास गेली की ग्रँड नैनचा घड काढणीच्या जवळ आला असे समजतात. सरासरी २८ अंश असेल तर त्याला ६४-६५ दिवस लागतात आणि २२ अंश असेल तर ११२. हा अंदाजच आहे. तो कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या साधनाने, पडताळावा लागतो, कारण जमीन, अन्नद्रव्ये आणि कडक ऊन यांनी त्यात फरक पडतो. मात्र ‘आमच्याकडे इतक्या दिवसांत घड तयार होतो’ असे वर्षभरासाठी एकच उत्तर देणाऱ्या बागेचा माल हिवाळ्यात कोवळा आणि उन्हाळ्यात जून निघतो, हे मात्र निश्चित. जाडी मोजण्यासाठी घडाच्या वरून दुसऱ्या फणीतले, बाहेरच्या ओळीतले मधले केळे घ्यावे. युरोपीय महासंघाच्या प्रमाणात किमान जाडी २७ मिलिमीटर आणि किमान लांबी १४ सेंटिमीटर दिलेली आहे. ती फक्त किमान अट आहे. बाजार त्याहून बराच भरदार माल मागतो आणि कमाल जाडी किती असावी हे प्रवासाच्या दिवसांवरून ठरते. प्रवास लांबचा असेल तर घड थोडा आधी, तीन-चतुर्थांश भरणीला काढावा लागतो.

केळफूल वेळेत मोडणे, घडावर आठ-नऊ फण्याच ठेवणे आणि केळ्यांच्या टोकाची वाळती फुले काढणे ही कामे सर्वांना माहीत असतात, पण वेळ चुकते. केळी आडवी होत असताना ही फुले बोट लावताच करकरीत तुटतात आणि चीकही फार येत नाही. आठवडाभर उशीर झाला की ती ओढावी लागतात, टोकाला जखम होते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. फुले तशीच राहिली तर त्यांत फुलकिडे आणि बुरशी राहते, शिवाय पॅकहाऊसमध्ये ती टाकीत सुटून पाणी घाण करतात. धुलाईच्या पाण्याची बचत अशी निसवणीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. यानंतर घडावर स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, चढवावी. तिच्यामुळे पानांचे घासणे, धूळ आणि पक्ष्यांचा त्रास टळतो आणि फवारण्यांची गरजही कमी होते. मात्र ही बॅग प्लास्टिकचीच असते. काढणीनंतर ती बांधावर जाळली जाते किंवा पाटात जाऊन अडकते. गटाने बॅग देतानाच संख्या लिहावी आणि परत आलेल्या बॅगा मोजून घ्याव्यात. चांगल्या बॅगा धुऊन दुसऱ्यांदा वापरता येतात आणि फाटक्या भंगारात देता येतात.

फवारणीबद्दल एकच सांगतो, कारण तो विषय स्वतंत्र आहे. आपल्याकडे बराच काळ सर्रास वापरल्या गेलेल्या क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची कमाल अवशेष मर्यादा युरोपीय महासंघाने २०२० मध्ये किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम केली. म्हणजे व्यवहारात ते वापरूच नये. शेजारच्या उसावर किंवा भाजीवर मारलेले औषध वाऱ्याने केळीवर आले तरी नमुना नापास होऊ शकतो. त्यामुळे ज्या सभासदाच्या केळीला लागून दुसरी फवारणी होते, त्याच्या कडेच्या दोन-तीन ओळींचा माल देशी बाजारासाठी वेगळा ठेवावा.

काढणी उजाडताच सुरू करून दहाच्या आत संपवावी. सकाळी केळी पाण्याने टचटचीत भरलेली असतात, त्यामुळे चीक जास्त सुटतो आणि साल जरा धक्क्याने दुखावते, हे खरे आहे. पण दुपारी काढलेल्या घडात साठलेली उष्णता पुढे विजेने काढावी लागते आणि तोवर केळ्याचे हिरवे आयुष्य, म्हणजे पिकण्याआधीचे दिवस, खर्ची पडत असते. चिकाचा बंदोबस्त करता येतो, गेलेले आयुष्य परत येत नाही. घड दोघांनी उतरवावा: एकाने खोडाला अर्धा छेद देऊन झाड वाकवायचे आणि दुसऱ्याने खांद्यावरच्या जाड गादीवर घड झेलायचा. घड जमिनीला टेकता कामा नये. फण्यांच्या मध्ये फोमचे पत्रे सरकवूनच तो वाहनात ठेवावा किंवा टांगावा. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रानातल्या वाटांना चाकोऱ्या पडलेल्या असतात, आणि सालीवरचे डाग सर्वांत जास्त तिथे लागतात. हे डाग त्या दिवशी दिसत नाहीत, दोन दिवसांनी काळे होतात आणि तोवर केळे खोक्यात बंद झालेले असते. काढणीआधी बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या वाटेवर मुरूम टाकून घेणे हा शाश्वत प्रक्रियेचाच खर्च आहे. कोणत्याही प्रमाणपत्राच्या यादीत तो नसला तरी मी तो पहिल्या पाच खर्चांत धरतो.

पॅकहाऊसमध्ये घड टांगल्यावर त्याची फीत, जाडी आणि एखाद्या केळ्याचा गर पाहावा. हिरवट पांढऱ्या गरात पिवळसर छटा दिसली तर तो घड तिथूनच बाजूला काढावा. मग फण्या उतरवायच्या. हे काम मी कोणालाही सहज सोपवत नाही. बाकदार, धारदार सुरी दांड्याला लगटून एकाच ओढीत फिरली पाहिजे आणि क्राऊनचा, म्हणजे सगळ्या केळ्यांचे देठ जिथे एकत्र येतात त्या जाड भागाचा, पुरेसा हिस्सा फणीबरोबर आला पाहिजे. दोन-तीन हिसक्यांत कापले तर कापाला दातरे पडतात, पेशी चेंगरतात, आणि क्राऊन कुजवणाऱ्या बुरशींना तिथेच घर मिळते. कोलेटोट्रायकम आणि फ्युजेरियम या बुरशी त्यांत प्रमुख आहेत. क्राऊन कुजल्याचे आपल्याला इथे कधीच दिसत नाही, ते खरेदीदाराला पिकवणीच्या खोलीत दिसते. सुरीला दर तासाला धार लावावी आणि दर घडामागे ती क्लोरीनच्या पाण्यात बुडवावी. उतरवलेली फणी क्राऊन खाली करून पाण्यात हळुवार सोडायची, टाकायची नाही.

टाकीचे काम चीक काढण्याचे असते आणि तो पहिल्या काही मिनिटांतच सर्वांत जोरात वाहतो. पाण्यात तो दुधी धाग्यांसारखा सुटतो. हवेत सालीवर राहिला तर वाळून तपकिरी काळा होतो आणि मग निघत नाही. १५ ते २० मिनिटे फण्या पाण्यात राहिल्या की बहुतेक चीक निघून जातो. मात्र पाण्यात चीक वाढत गेला की तो पुन्हा सालीवर बसू लागतो. म्हणून लोक पाणी वारंवार बदलतात आणि सगळी नासाडी तिथे होते. समजा टाकी ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद आहे आणि पाणी ६० सेंटिमीटर आहे, म्हणजे ५,४०० लिटर. अशा दोन टाक्या दिवसातून दोनदा रिकाम्या केल्या तर २१,६०० लिटर पाणी जाते. एका कंटेनरच्या २० टन मालाला ते किलोमागे एक लिटरहून थोडे जास्त पडते. हे निम्म्यावर आणता येते आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. टाकीला तळाऐवजी पाण्याच्या पातळीला लागून सांडवा द्यावा, कारण चिकाचा फेस आणि वाळकी फुले वर तरंगतात. सांडव्याचे पाणी निवळण टाकीत न्यावे, तिथे अगदी थोड्या तुरटीने चिकाच्या गुठळ्या तळाशी बसतात. वरचे निवळलेले पाणी वाळूच्या गाळणीतून पंपाने परत पहिल्या टाकीत आणावे, संपूर्ण टाकी संध्याकाळी एकदाच रिकामी करावी आणि दिवसभरात कमी होईल तेवढीच नवी भर घालावी.

क्लोरीनची मात्रा लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. ५,००० लिटर पाण्याला १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट ५ लिटर पडते. पण सकाळी ओतले आणि दिवसभर चालले असे होत नाही, कारण चीक आणि माती क्लोरीन खाऊन टाकतात. दर तासाला चाचणीपट्टीने पाहून कमी असेल तेवढेच घालावे. पाण्याचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ असताना क्लोरीन नीट काम करते. अनेक ठिकाणी मी तुरटी आणि क्लोरीन एकाच टाकीत भरपूर ओततात असे पाहतो, ते कृपा करून करू नये. तुरटीने पाणी आम्लधर्मी होते, क्लोरीन वायुरूपाने उडते, टाकीवर वाकून काम करणाऱ्या बायकांचे डोळे चुरचुरतात, खोकला लागतो आणि टाकीत निर्जंतुकीकरण उरत नाही. निवळण टाकीतही म्हणूनच तुरटी बेताची घालावी आणि परत येणाऱ्या पाण्याचा सामू पाहूनच ते वापरावे. क्राऊनसाठी १ टक्का तुरटीचे द्रावण वेगळे ठेवावे. त्याची टाकी भरायची तर ५,००० लिटरला ५० किलो तुरटी लागते. तेच द्रावण ट्रेमध्ये उलट्या मांडलेल्या फण्यांच्या क्राऊनवर फवारले तर थोडक्या लिटरांत काम भागते. क्राऊनवर बुरशीनाशक वापरायचे की नाही हे खरेदीदार देशाच्या नियमावर अवलंबून आहे. आखातासारख्या जवळच्या बाजारासाठी स्वच्छ काप, तुरटी आणि वेळेत थंड करणे एवढ्यावर काम होते, असे मी खात्रीने सांगतो.

सांडपाणी ओढ्यात सोडू नये. आपले ओढे कृष्णेला मिळतात आणि त्या पाण्यावर खाली गावे आहेत. ते शेतात सोडतानाही विचार हवा, कारण वाळवा, मिरज भागातल्या कितीतरी जमिनी अति पाण्याने आधीच क्षारपड झाल्या आहेत आणि क्लोरीन-तुरटीच्या पाण्याने क्षारांत भरच पडते. अस्तर घातलेल्या उथळ तळ्यात दोन दिवस उन्हात ठेवले की मोकळे क्लोरीन उडून जाते. मग खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ लावून त्यातून ते पाणी जाऊ द्यावे. त्यापुढे ते अंगण धुणे, वाटेवरची धूळ बसवणे, झाडांच्या कुंपणाला घालणे यासाठी फिरवून फिरवून वापरावे. एकाच तुकड्यात रोज सोडू नये.

टाकीवर बहुतेक ठिकाणी महिलाच काम करतात. कोपरापर्यंतचे हातमोजे, गमबूट, पाय कोरडे राहतील असे लाकडी फळ्यांचे पाट आणि कमरेइतक्या उंचीची टाकी या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. दिवसभर क्लोरीनच्या पाण्यात हात घातल्याने कातडी सोलवटते आणि दुखऱ्या हाताने फणी अलगद हाताळली जात नाही. बाहेरून काढणीची टोळी आणली तर तिच्या मुक्कामाची, पिण्याच्या पाण्याची आणि शौचालयाची सोय गटाने करावी. खरेदीदाराचे तपासनीस हेही पाहतात, पण ते पाहोत वा न पाहोत, हे आपले कर्तव्य आहे.

फण्या कोरड्या झाल्यावर चार ते आठ केळ्यांचे तुकडे करून प्रतवारी होते. आपल्याकडे १३ किलोंच्या आसपास निव्वळ वजनाचे पन्हळी पुठ्ठ्याचे खोके चालते. प्रवासात केळी थोडे पाणी गमावतात म्हणून वजन किंचित चढे भरावे. खोक्यातल्या पातळ पिशवीतली हवा ओढून तिचे तोंड बांधले की आतला प्राणवायू कमी होतो आणि केळ्याचा श्वास मंदावतो. पिशवी लागतेच, ती टाळून माल नासवण्यात पर्यावरणाचे भले नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यात मात्र काटकसर करू नये. दमट शीतगृहात हलका पुठ्ठा मऊ पडतो, खालची खोकी बसतात आणि भार केळ्यांवर येतो. लाकडी पॅलेट वापरायचे असतील तर ते आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया करून शिक्का मारलेलेच घ्यावे लागतात.

आता तुमच्या प्रश्नातले शीतगृह. केळ्याचा गर १३ ते १३.५ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता ९० ते ९५ टक्क्यांवर ठेवायची असते. १३ च्या खाली फार वेळ गेला तर सालीखाली तपकिरी रेघा उमटतात, आणि असे केळे पिकले तरी राखाडी, निस्तेज पिवळे होते. वर गेले तर पिकायला लागते. इतकी अरुंद वाट असल्याने चांगले पूर्वशीतकरण हवेच. पण विजेचा मोठा भाग काढणीच्या वेळेवर ठरतो. २० टन माल १० अंश जास्त गरम आला तर ती जादा उष्णता साधारण १९० ते २०० युनिटांइतकी भरते आणि ती काढायला शीतयंत्रणेला सुमारे ७० युनिट वीज लागते. दर कंटेनरमागची ही वीज पहाटेच्या काढणीने आणि वाहनावरच्या सावलीने फुकट वाचते. छपरावर सौरपटल घालाच, पण आधी भिंतींचे उष्णतारोधन आणि दारावरचे पडदे पाहा.

तुम्ही लगेच शीतगृह बांधू नये, असे मी म्हणतो त्यामागे आपल्या जिल्ह्याची एक सोय आहे. तासगाव, मिरज, पलूस पट्ट्यात द्राक्षांसाठी पूर्वशीतकरणाच्या खोल्या आहेत आणि द्राक्षाचा निर्यात हंगाम मुख्यतः जानेवारी ते एप्रिल असतो. पुढे त्यातल्या कितीतरी रिकाम्या असतात. पहिली दोन वर्षे अशी खोली भाड्याने घ्यावी. दोन गोष्टींची खातरजमा करावी: द्राक्षे शून्य अंशाच्या जवळ ठेवतात, त्यामुळे यंत्रणा १३.५ वर स्थिर राहते का आणि आर्द्रता मिळते का, हे रिकाम्या खोलीत दोन दिवस तापमान-नोंदक ठेवून पाहावे. शिवाय द्राक्षाच्या गंधक-पॅडचा वास उरलेली किंवा दुसरे पिकते फळ ठेवलेली खोली घेऊ नये. द्राक्ष आणि केळी एकत्र तर कधीच ठेवता येत नाहीत.

कंटेनरबाबत एवढेच लक्षात ठेवा की तो थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो, गरम माल गार करायला त्याची हवा पुरत नाही. गराचे तापमान काट्याने मोजल्याशिवाय भरणी करू नये, कंटेनर आधी थंड आणि स्वच्छ करून घ्यावा, ताज्या हवेची झडप ठरल्याप्रमाणे उघडी ठेवावी म्हणजे इथिलीन साठत नाही, आणि दोन ठिकाणी तापमान-नोंदक टाकावेत. न्हावा-शेवा बंदरापर्यंतच्या वाटेत चालकाने डिझेल वाचवायला यंत्र बंद केले तर त्या नोंदीतच ते दिसते.

बाद मालाचे आणि अवशेषांचे काय करायचे, यावर लोक मोठमोठ्या प्रकल्पांची स्वप्ने पाहतात. मी साध्यापासून सुरू करावे असे म्हणेन. डागाळलेला पण धडधाकट माल देशी बाजारात जातो. त्याला इथिलीनच्या खोलीतच पिकवावे, कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यावर आपल्या देशात बंदी आहे. त्याहून लहान केळ्यांचे काप वाळवून पीठ करता येते. वसईकडे राजेळीची सुकेळी पूर्वापार होतात. ग्रँड नैनची गोडी आणि पोत वेगळा असल्याने तसाच पदार्थ होईल अशी अपेक्षा धरू नये, थोड्या मालावर करून पाहावे. दांडे आणि खोड यांत पालाश भरपूर असते. ते बारीक करून साखर कारखान्याच्या मळीबरोबर (प्रेसमडबरोबर) कुजवले तर उत्तम खत होते आणि पुढच्या लागणीला पोटॅश कमी विकत घ्यावे लागते. खोडाच्या रसापासून नवसारीच्या कृषी विद्यापीठाने द्रवरूप खत तयार केले आहे आणि खोडाचा धागाही निघतो. पण धाग्याला गिऱ्हाईक हाताशी असल्याशिवाय यंत्र घेऊ नये. दांड्यांचे खत करताना एक काळजी घ्या. मर रोगाच्या बुरशीची टीआर-४ ही घातक जात बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळलेली आहे आणि ती मातीतून, अवजारांतून, रोपांतून पसरते. अनेक बागांचे घड एका छपराखाली येतात तेव्हा गाड्यांची चाके आणि सुऱ्या धुण्याची जागा प्रवेशद्वारापाशीच असावी. मरीची लक्षणे असलेल्या बागेतला दांडा, पान किंवा माती पॅकहाऊसच्या आवारात येऊ देऊ नये.

कागदपत्रांचा भाग सरळ आहे: अपेडाची (केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी आणि पॅकहाऊसची मान्यता, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, अवशेष चाचणी आणि खरेदीदाराने मागितल्यास ग्लोबल गॅप हे चांगल्या शेतीपद्धतींचे प्रमाणपत्र. फितींची वही, फवारणीची नोंद आणि टाकीवरची क्लोरीनची तासातासाची नोंद नियमित असेल तर तपासणीचे तीन-चतुर्थांश काम झालेलेच असते. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने लिहिलेली वही अनुभवी तपासनीस लगेच ओळखतो.

शेवटी, पॅकहाऊस किती मोठे असावे हे तुमच्या लागणीच्या तारखांवर ठरते. एकरी ३० टन धरले तर ७० एकरांचा माल २,१०० टन होतो. तो वर्षभर पसरला तर आठवड्याला ४० टनांच्या आसपास येतो, आणि निर्यातीचा माल वेगळा काढल्यावर आठवड्याला एक कंटेनर सहज भरतो. तेवढ्याला दोन टाक्या, एक भाड्याची खोली आणि एक पक्की टोळी पुरते. पण सगळ्या सभासदांनी एकाच पंधरवड्यात लागण केली तर तोच माल दोन-अडीच महिन्यांत कोसळेल, त्यासाठी पाच-सहा पट यंत्रणा लागेल आणि उरलेले वर्ष ती पडून राहील. म्हणून यंदाच बैठक घेऊन लागणीचे सहा-सात तुकडे पाडा. नदीकाठच्या पूररेषेतल्या रानांची काढणी जुलै-ऑगस्टमध्ये येणार नाही अशी त्यांची लागण ठरवा, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. प्रत्येक तुकड्याची अपेक्षित निसवण वहीत लिहून त्याच्या फितीचा रंग आताच ठरवून ठेवा. टाक्यांची मोजमापे त्या वहीवरून काढता येतील. शीतगृहाचा निर्णय दोन हंगामांचे तापमान-नोंदकांचे आणि बाद मालाचे आकडे हाती आल्यावरच घ्यावा.